इंजिन बदलण्यापूर्वी



विज्ञानाचा विषय घ्या, पण मुलांना झोप येईल असा नको, अशी मला सूचना होती. म्हणून घरी जोडावयाच्या हेलिकॉप्टरविषयी चार शब्द सांगतो.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या रोटरवे कंपनीने अनेक वर्षे हेलिकॉप्टरचे सुटे भाग विकले. ‘एक्झेक’ हे त्यांचे दोन आसनांचे यंत्र. हौशी माणसाने ते आपल्या गॅरेजमध्ये जोडावयाचे. तेथील कायद्याची अट अशी, की बहुतांश काम हौशी माणसाच्याच हातचे हवे, आणि ते केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा छंदासाठी केलेले हवे. ‘शिक्षणासाठी’ हा शब्द ध्यानात ठेवा.

एक्झेकला पाण्याने थंड होणारे, सुमारे १५० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन असे. काही हौशींनी ते काढून तेथे ‘सोलर टी-६२’ हे छोटे टर्बाइन बसविले.  अवजड चिनुक हेलिकॉप्टरची मुख्य इंजिने बंद असताना वीज आणि हायड्रॉलिक दाब पुरविणे, हे त्याच्या जातीचे काम. ते कमीजास्त वेगाने नव्हे, तर एकाच ठराविक वेगाने फिरते. हेलिकॉप्टरच्या पंख्यालाही नेमके तेच हवे असते! वैमानिक पात्यांचा कोन वाढवितो, भार वाढतो, आणि गव्हर्नर आपोआप इंधन वाढवून वेग कायम राखतो. शिवाय रेडिएटर नको, पिस्टनचे हादरे नाहीत.

मग अडचण कोठे? टर्बाइनचा आतील भाग मिनिटाला सुमारे ६०,००० फेरे घेतो, तर डोक्यावरचा पंखा ५००च्या आसपास. मधे गिअर, पट्टे आणि साखळी. ती सारी मूळ इंजिनाच्या मापाने केलेली. अधिक जोर दिला तर तो तेथेच बाधतो. सायकलला मोटारसायकलचे इंजिन लावले, तरी ब्रेक सायकलचेच राहतात, तसे हे. मागच्या इंजिनाचे वजन बदलले की यंत्राचा तोल सरकतो. धुराड्याची आग जवळचे पट्टे जाळू शकते. टर्बाइन रॉकेलच्या जातीचे इंधन पिते, आणि तेही पेट्रोल इंजिनाच्या दुपटीच्या आसपास. टाकी तेवढीच ठेवली तर उड्डाणाची वेळ घटते. मोठी केली तर वजन वाढते. सुरू करताना तापमानाच्या काट्यावर नजर हवी. तो मर्यादेपलीकडे धावू लागला, तर इंधन तत्क्षणी बंद केले पाहिजे. चार सेकंदांच्या गाफीलपणात टर्बाइन भाजून निघते.

म्हणून इंजिन बदलणारा शहाणा माणूस आधी कागद घेतो. वजन मांडतो, तोल काढतो, प्रत्येक भागाची ताकद तपासतो. नंतरही लगेच कोणाला शेजारी बसवीत नाही. चाचणीची उड्डाणे पुन्हा पहिल्यापासून करतो.

विद्यार्थी मित्रांनो, यात लागते ते नववी-दहावीचेच गणित आणि पदार्थविज्ञान. पण ते पाठ केलेले नव्हे, समजलेले हवे. येथे उत्तर चुकले तर गुण जात नाहीत, जीव जातो.

आणि पालकहो, मुलाने घरातला पंखा उघडला तर त्याला मारू नका. वीज बंद करावयास शिकवा, आणि प्रत्येक स्क्रू कोठून निघाला ते वहीत लिहावयास लावा. हुन्नर आणि हिशेब एकाच हातात आले, की इंजिन कोणतेही असो, तो हात डगमगत नाही.