‘आजवर काही झालं नाही’



आज पहाटे गरम पाण्याच्या कुंडावर गेलो होतो. थंडीत पाण्यावरून वाफा निघत होत्या आणि गार कठड्यावर त्यांचेच थेंब जमले होते. हे रोज पाहणाऱ्या गणेशपुरीकरांना हिमस्खलन समजावणं सोपं आहे.

हिवाळ्याच्या सुरुवातीला हिमालयात बर्फाचा पातळ थर बसतो. त्याखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास, वरची हवा उणे पंधरा-वीस. म्हणजे जमीन कुंडासारखी उबदारच म्हणायची. तिथून वाफ वर सरकते आणि वाटेतल्या कणांवर गोठते. कण मोठे होतात, पण एकमेकांना धरत नाहीत; मुठीत घेतले तर जाड साखरेसारखे गळतात. जानेवारीत त्यावर दोन-तीन फूट नवा बर्फ बसतो. आपण स्की घालून उतरतो, खालची साखर ढासळते आणि वरची अख्खी लादी सुटते. स्कीपटूंचा बळी घेणारं स्खलन बहुतेक वेळा त्यांनी स्वतः किंवा सोबत्यानेच सुरू केलेलं असतं. लादी सुटते ती बहुधा 30 ते 45 अंशांच्या उतारावर, आणि स्कीची खरी मजाही तिथेच.

गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर मी एका वाटाड्याबरोबर होतो. वाऱ्याने बर्फ कुठे साठवलाय, शेजारच्या उतारावर ताजं काही कोसळलंय का, पायाखाली ‘धप्प’ असा आवाज येतो का, हे तो वाटभर पाहत होता. मग त्याने खड्डा खणला, फूटभर रुंद बर्फाचा खांब मोकळा केला आणि त्यावर फावडं आडवं धरलं. मनगटातून दहा थापा, मग कोपरातून दहा, शेवटी खांद्यातून. मी मोजत होतो. तेराव्या थापेला खांब सुरीने कापल्यासारखा तुटला आणि वरचा तुकडा माझ्या मांडीवर आला. “वापस,” तो म्हणाला. आभाळ निळंशार, उतारावर एक रेघ नाही. मला फार राग आला.

दुसऱ्या दिवशी त्याच उतारावरून पाच-सहा जण मजेत उतरले. काही झालं नाही.

या विषयातली सगळी अडचण इथे आहे. चुकीचा निर्णय घेऊनही माणूस बहुधा सुखरूप परततो आणि परतलो म्हणजे निर्णय बरोबर होता, असं धरून चालतो. 1 फेब्रुवारी 2023 ला अफरवटवरच दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात गेले.

आपल्या सह्याद्रीतही हेच. 30 जुलै 2014 ला एसटीच्या चालकाला दरडीखाली गेलेलं माळीण गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेर कळलं; 151 माणसं गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री गाडली गेलेली इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. पिढ्यान्पिढ्या काही झालं नाही, हा तिथल्या लोकांचा आधार होता. त्यांना दोष कसा देणार? दुसरं मोजमाप त्यांच्या हाती कुणी दिलंच नव्हतं.

तुमची मुलं केदारकंठाला, औलीला जातात. तिथे बर्फाखाली गाडलेला माणूस पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर फार थोडे वाचतात. बचाव पथक येईपर्यंत थांबायला वेळ नसतो, शोधायचं सोबत्यांनीच. त्यासाठी प्रत्येकाजवळ बीकन म्हणजे गाडलेल्याचा ठाव सांगणारं यंत्र, लांब सळई आणि फावडं हवं. सभागृहामागच्या पेंढ्याच्या उडवीत मी एक चालू बीकन पुरून आलोय. दुसरा हा माझ्या हातात आहे. चला मुलांनो, पुढे या. कुणीतरी घड्याळ लावा.