हिशेब मागायचा, तर हिशेब समजायला हवा

(मंडळाच्या कामरेज येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकांची घराणी गायकवाडी अमदानीपासून या भागात आहेत. कामरेज तेव्हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होते आणि शेजारची बारडोली इंग्रजी मुलखात. बारडोलीच्या सत्याग्रहाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. वल्लभभाई 'सरदार' कसे झाले, म्हशींची जप्ती कशी झाली, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्या लढ्यामागचा हिशेब आपण मुलांना सांगत नाही.

सरकारी अधिकाऱ्याने शेतसारा ३० टक्क्यांनी वाढवावा असे सुचवले होते. सरकारने वाढ २२ टक्क्यांवर आणली. आधार काय, तर जमिनीचा खंड वाढला आहे. शेतकऱ्यांचे म्हणणे असे, की खंडाने दिलेल्या थोड्याशा जमिनींवरून साऱ्या तालुक्याची कमाई ठरवू नका. आणि कागदावर खंड म्हणून दिसते ते कित्येकदा सावकाराचे व्याजच असते. १९२८ च्या लढ्याची मागणी 'सारा नको' अशी नव्हती. 'निष्पक्ष चौकशी करा' एवढीच होती.

चौकशीला ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल हे दोन इंग्रज अधिकारी नेमले गेले. १९२२ मध्ये गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच ब्रूमफील्ड! महादेवभाई देसाई, नरहरी परीख, रामनारायण पाठक यांनी गावोगावचे आकडे त्यांच्यापुढे मांडले. निष्कर्ष निघाला की वाढ सुमारे ६ टक्केच योग्य. धैर्याने सरकारला चौकशीपर्यंत आणले. २२ चे ६ झाले ते मात्र आकड्यांनी.

आता आपल्याकडे पाहू. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सुरतचा कापडबाजार कित्येक दिवस बंद होता. आपल्यातल्या कोणाचे दुकान, कोणाचा मुलगा लूमवर. तरी ओट्यावर आम्ही भांडलो ते कोणता पक्ष खरा यावर. पुढे कृत्रिम सुतावर १२ टक्के आणि कापडावर ५ टक्के असा कर राहिला. घेताना जास्त, विकताना कमी. त्यामुळे विणकराने भरलेल्या कराचा काही भाग अडकून पडत होता, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

२०२१ च्या अखेरीस कापडावरचा दर १२ करायचे ठरले, तेव्हा आम्ही 'कर वाढला' एवढेच ओरडलो. ३१ डिसेंबरला ती वाढ पुढे ढकलली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये उलट सुताचाच दर ५ वर आणला. म्हणजे वाटा दोन होत्या. कापडाचा कर वाढवला तर भार गिऱ्हाइकावर, सुताचा घटवला तर तिजोरीवर. हे तेव्हाच कळले असते, तर मत मागायला दारी आलेल्या उमेदवाराला 'यातली तुमची वाट कोणती?' असे आम्ही विचारले असते. आम्ही हार घातला आणि चहा पाजला.

अर्थशास्त्र हे विद्वानांचे काम, ही सबब आपल्याला शोभत नाही. लोकहितवादींनी 'लक्ष्मीज्ञान' १८४९ मध्येच मराठीत आणले, आणि पुढे त्यांनी अहमदाबादेत न्यायाधीशाचे काम केले. आपल्या आयाबहिणी भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतात. तेवढीच चिकाटी घोषणांच्या बाबतीत हवी.

कोणीही काही फुकट देऊ म्हटले, की तीन प्रश्न विचारू या: पैसा कोठून येणार? भार शेवटी कोणावर पडणार? आणि त्यासाठी कोणते काम मागे राहणार? उत्तर आपल्या पक्षाच्या माणसाकडूनही मागू या. विशेषतः त्याच्याकडूनच.

मंडळाने महिन्यातून एक संध्याकाळ गावाचा आणि राज्याचा अर्थसंकल्प वाचायला द्यावी, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.