कॅमेरा गावाच्या बाजूने उभा राहावा



 युद्धातले अत्याचार, त्यात होरपळणारी साधी माणसं आणि त्यांच्यावरचे माहितीपट हा विषय ठरवून तुम्ही या संमेलनासाठी देवनहळ्ळीत जमलात, यात मला मोठं औचित्य वाटतं. बंगळूरच्या विमानतळामुळे आज हे गाव देशभर ठाऊक झालं आहे. पण १७४९ साली इथल्या किल्ल्याला पडलेल्या वेढ्यातच हैदर अलीच्या नावाचा पहिला बोलबाला झाला, टिपूचा जन्म इथलाच आणि १७९१ मध्ये किल्ला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या हाती गेला. वेढा कुणी घातला, किल्ला कुणी घेतला, हे सगळं नोंदलेलं आहे. वेढ्याच्या काळात गावातली विहीर कुणी बाटवली, पीक कुणी कापून नेलं, कुणाच्या घरचं कोण परतलं नाही, याची नोंद मात्र शोधावी लागते. युद्धाचा इतिहास सेनापतींच्या दप्तरांतून लिहिला गेला. गावाची बाजू कुणी दप्तरात घेतली नाही. ती घेण्याचं काम विसाव्या शतकात कॅमेऱ्याकडे आलं, आणि त्या कामाच्या जबाबदारीबद्दल मला आज बोलायचं आहे.

कॅमेऱ्याची पहिली मोठी साक्ष नुरेंबर्गची. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी तिथल्या न्यायालयात नाझी छळछावण्यांची चित्रफीत पुरावा म्हणून दाखवली गेली. आरोपीच्या पिंजऱ्यात बसलेल्यांना कागदपत्रांवर वाद घालता येत होता. पडद्यावर जे दिसत होतं त्यावर वाद घालणं त्यांना जड गेलं. पण त्याच वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला याच्या उलट घडलं. हिरोशिमा आणि नागासाकीवर बाँब पडल्यावर 'निप्पॉन एइगाशा' या जपानी संस्थेच्या मंडळींनी तिथे चित्रण केलं. भाजलेली मुलं, उद्ध्वस्त रुग्णालयं, पुलाच्या फरशीवर उमटलेल्या सावल्या, सगळं त्यांनी टिपलं. अमेरिकेने ती चित्रफीत ताब्यात घेतली आणि जपानला परत दिली ती १९६७ मध्ये. अमेरिकेत एरिक बार्नो यांनी तिच्यातून छोटासा माहितीपट तयार केला तो १९७० मध्ये. म्हणजे अमेरिकेच्या सामान्य नागरिकाला आपल्या सरकारच्या बाँबने काय केलं हे पाहायला पंचवीस वर्षं थांबावं लागलं. हरलेल्याचा गुन्हा लगेच पडद्यावर येतो. जिंकलेल्याचा कपाटात राहतो. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट पहिल्या दिवशी शिकायला हवी.

आपल्या उपखंडात १९७१ च्या बांगलादेश युद्धात जे घडलं ते याच चौकटीत पाहा. कोलकात्यात आसरा घेतलेले बांगलादेशी दिग्दर्शक झहीर रायहान यांनी युद्ध चालू असतानाच 'स्टॉप जेनोसाइड' हा छोटा माहितीपट केला. हातात साधनं जेमतेम, पण निर्वासितांच्या लोंढ्यातल्या एकेका चेहऱ्यापाशी त्यांचा कॅमेरा थांबत होता. बांगलादेश स्वतंत्र झाला. बेपत्ता झालेल्या भावाचा शोध घ्यायला रायहान जानेवारी १९७२ मध्ये ढाक्यातल्या मीरपूरला गेले आणि स्वतःच कायमचे बेपत्ता झाले. आपल्याकडे एस. सुखदेव यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी 'नाइन मन्थ्स टू फ्रीडम' केला. सरकारी संस्थेतून इतकं अस्वस्थ करणारं काम बाहेर पडू शकतं हे त्यांनी दाखवून दिलं. मात्र एक गोष्ट मान्य करू या: १९७१ मध्ये अत्याचार करणारं सैन्य शेजारच्या देशाचं होतं. परक्याचा गुन्हा दाखवायला कॅमेऱ्याला फारसं धैर्य लागत नाही.

धैर्य कशाला लागतं ते मुंबईच्या आनंद पटवर्धन यांच्या 'जंग और अमन'मध्ये दिसतं. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर देशभर पेढे वाटले जात असताना हा माणूस कॅमेरा घेऊन स्फोटाच्या जागेजवळच्या खेतोलाई गावात गेला. तिथल्या लोकांनी आपल्या गुरांबद्दल, आजारांबद्दल, तडे गेलेल्या घरांबद्दल जे सांगितलं ते त्याने शांतपणे ऐकलं. मग तो सीमेपलीकडे गेला. लाहोरच्या शाळेत मुलींची वादविवाद स्पर्धा चालू आहे. अणुबाँबच्या बाजूने बोलणारी मुलगी टाळ्या घेते. स्पर्धा संपते, कॅमेरा तिथेच थांबतो, आणि त्याच मुली साध्या आवाजात बोलू लागतात तेव्हा त्यांचा सूर बदललेला असतो. टाळ्यांसाठी एक भाषा आणि मनातली वेगळी, हे दोन्ही एकाच प्रसंगात पकडणं ही माहितीपटाची खरी कला. सेन्सॉर बोर्डाने या चित्रपटाला एकवीस ठिकाणी कात्री सुचवली. पटवर्धन न्यायालयात लढले आणि २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही कट न करता तो दाखवायला परवानगी दिली. माहितीपट करणाऱ्याला कॅमेऱ्याइतकंच कायद्याचंही भान लागतं, हे त्यांनी आपल्याला शिकवलं.

आता आपल्या स्वतःच्या घराकडे वळतो. मराठी सभेत हे बोलणं मला कर्तव्य वाटतं. देवनहळ्ळीचा किल्ला इंग्रजांकडे गेला त्याच १७९१ मध्ये मराठे टिपूविरुद्ध इंग्रजांचे दोस्त होते, आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्यातल्या टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. माणसं मारली गेली, शारदेची मूर्ती हलवली गेली, स्वामींना कारकळला आश्रय घ्यावा लागला. त्यांनी दाद मागितली ती टिपूकडे, आणि टिपूने मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी मदत पाठवली. हा पत्रव्यवहार मठातच होता. १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार यांनी तो उजेडात आणला. याच टिपूने १७८४ मध्ये मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेलं होतं, हेही तितकंच खरं. एकाच माणसाच्या नावावर शृंगेरीचं उपकारपत्र आणि मंगळूरचं आरोपपत्र दोन्ही आहेत. आणि बंगालमध्ये मराठी घोडदळाने जे अत्याचार केले ते गंगाराम नावाच्या कवीने अठराव्या शतकातच 'महाराष्ट्र पुराण' लिहून नोंदवून ठेवले. तिथल्या आया मुलांना निजवताना आजही 'बर्गीं'चं नाव घेतात. ते बर्गी म्हणजे आपले बारगीर.

शृंगेरीचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच उत्तर येतं: ते पेंढाऱ्यांचं काम, सरदारांचा हुकूम नव्हता. इतिहासकारांनी या प्रश्नाचा जरूर शोध घ्यावा. पण हुकूम नव्हता म्हणून जबाबदारीही नव्हती, हा बचाव आज जगातलं कुठलंही युद्धगुन्ह्यांचं न्यायालय सहज मानत नाही. मनिलामधल्या कत्तलींबद्दल जपानचे जनरल यामाशिता यांनीही असाच बचाव केला होता: सैन्य हाताबाहेर गेलं, आपण हुकूम दिला नाही. न्यायालयाने तो फेटाळला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये त्यांना फाशी झाली. त्या खटल्याच्या न्याय्यतेवर कायदेपंडितांचे मतभेद आहेत. तरी आपल्या सैन्याच्या वर्तनाला सेनापती बांधील असतो, हे तत्त्व तेव्हापासून जगाने सोडलेलं नाही. जे माप आपण जपान्यांना लावतो, पाकिस्तानी सैन्याला लावतो, तेच आपल्या पूर्वजांना लावायला आपण कचरलो तर आपल्या माहितीपटांवर विश्वास कोण ठेवील?

चित्रण करणाऱ्या तरुणांसाठी दोन गोष्टी सांगतो. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने वेढलेल्या युक्रेनच्या मारिउपोलमध्ये पत्रकार मिस्तिस्लाव चेर्नोव आणि त्यांचे सहकारी अडकले होते. प्रसूतिगृहावर बाँब पडला. स्ट्रेचरवरून नेल्या जाणाऱ्या गरोदर बाईचं दृश्य त्यांनी टिपलं. शहरातलं इंटरनेट बंद, म्हणून लुटलेल्या एका दुकानाबाहेर, जिन्याखाली बसून ते जमेल तेवढे तुकडे बाहेर पाठवत. रशियाने ते सगळं नाटक असल्याचं जाहीर केलं. तेव्हा उपयोगी पडलं ते सलग, न कापलेलं चित्रण. म्हणून पहिली गोष्ट: मूळ चित्रण तारीख, वेळ आणि जागेसह जपा; संकलित चित्रपटापेक्षा ते मोलाचं आहे. दुसरी गोष्ट चित्रित होणाऱ्या माणसाच्या मानाची. क्लोद लांझमान यांनी 'शोआ' या ज्यूंच्या संहारावरच्या साडेनऊ तासांच्या माहितीपटात प्रेतांचं एकही जुनं दृश्य वापरलं नाही. वाचलेली माणसं, आणि छावण्यांत काम केलेलीही, बोलतात, एवढंच. सगळ्यांनी तसंच करावं असं मी म्हणणार नाही. पण जखम दाखवण्याआधी त्या माणसाला विचारलं का, आणि तुमचा चित्रपट पुरस्कार घेऊन आला तेव्हा तो माणूस सुरक्षित होता का, ही दोन उत्तरं प्रत्येक दिग्दर्शकाकडे असलीच पाहिजेत.

शेवटी आपल्या हातातलं काम. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांतल्या बहुतेक बायका आणि मुलं. १९४० मध्ये सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे पाठवलं होतं. तिथून इराणमार्गे ते इथवर आले. १९४० मध्येच कातिनच्या जंगलात हजारो पोलिश अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि तो गुन्हा सोव्हिएत युनियनने कबूल केला तो १९९० मध्ये. वळिवड्यात त्या मुलांची शाळा होती, चर्च होतं, नाटकं होती, आणि भाजी-दूध पोचवणारी आपली मराठी माणसं होती. जामनगरजवळच्या बालाचडीतल्या अशाच छावणीवर आणि वळिवड्यावर 'अ लिटल पोलंड इन इंडिया' हा माहितीपट २०१३ मध्ये झाला. वळिवड्यात वाढलेल्या पोलिश मुलांनी आपल्या आठवणींचा ग्रंथही काढला. मराठी बाजूच्या आठवणी मात्र कोल्हापुरातल्या घराघरांत विखुरलेल्या आहेत. ती छावणी लहानपणी पाहिलेली माणसं आज नव्वदीकडे झुकली आहेत.

म्हणून माझी विनंती साधी आहे. या सभेतल्या प्रत्येकाने आपल्या कुटुंबातल्या, गावातल्या एका तरी वृद्ध माणसाची युद्धाची, फाळणीची, रझाकारांच्या काळाची, ब्रह्मदेशातून पायी परतल्याची आठवण यंदा चित्रित करावी. फोनवर केली तरी चालेल. नाव, गाव, तारीख आधी बोलून घ्या आणि मूळ चित्रण दोन ठिकाणी जपा. मराठी मंडळांनी वर्षातून एक दिवस युद्धावरचे माहितीपट मराठी उपशीर्षकांसह दाखवावेत, आणि त्यांत आपल्यावरच्या अन्यायाबरोबर आपण केलेल्या अन्यायाचाही एक असावा. निधी, महोत्सव, पुरस्कार यांची वाट पाहू नका. ज्यांनी पाहिलं त्यांची साक्ष आधी घ्या.