नकाशावरचे ठिपके काय सांगतात?

(गणेशोत्सवात बरकतपुरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी राज्य शासनाच्या नोकरीत आहे, शिक्षण डिप्लोमापर्यंत. नकाशे रोज हाताखालून जातात. तक्रार आली की नकाशावर ठिपका पडतो. चार ठिपके जवळ दिसले की कोणीतरी म्हणतोच, "त्या भागातच काहीतरी गडबड आहे." मग निधी तिकडे वळतो, नाहीतर दोष तिथल्या लोकांच्या माथी येतो. म्हणून आजचा प्रश्न असा: ठिपक्यांची ती गर्दी खरी, की योगायोगाची?

1944 मध्ये लंडनवर जर्मनीचे व्ही-1 बॉम्ब पडू लागले. ठरावीक वस्त्यांवर नेम धरला जातो, अशी अनेकांची समजूत झाली. 1946 मध्ये आर. डी. क्लार्क यांनी ती तपासली. दक्षिण लंडनच्या 144 चौरस किलोमीटर भागाचे त्यांनी 576 सारखे चौकोन केले. त्यांत 537 बॉम्ब पडले होते. सगळे योगायोगाने पडले असते, तर प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या सूत्राप्रमाणे सुमारे 227 चौकोन कोरे राहायला हवे होते. प्रत्यक्षात कोरे निघाले 229! म्हणजे नेम धरल्याची खूण त्या आकड्यांत नव्हती.

ही रीत आपल्यालाही जमेल. चौकोन आखा, प्रत्येकातले ठिपके मोजा, सरासरी काढा. मग प्रत्येक चौकोनाचा आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते पाहून त्या फरकांचे वर्ग करा. त्या वर्गांची सरासरी म्हणजे विचरण. विचरणाला मूळ सरासरीने भागा. उत्तर 1 च्या आसपास आले, तर ठिपके योगायोगाने विखुरलेले. बरेच जास्त आले, तर पुंजके. बरेच कमी आले, तर रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांसारखे सारख्या अंतरावर. लंडनचे उत्तर सुमारे 1.04 येते.

आता आपल्या कोयनेकडे या. जलाशय 1962 पासून भरू लागला. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे दोनशे माणसे गेली. त्यानंतरही तिथले धक्के महाराष्ट्रभर विखुरलेले नाहीत. ते बहुतांशी कोयना-वारणा परिसरातल्या सुमारे 30 गुणिले 20 किलोमीटरच्या पट्ट्यातच होतात. इथे चौकोन मोजले, तर बहुतेक कोरे आणि थोडे गच्च भरलेले निघतील. हा पुंजका खरा आहे. आपल्याच उप्पल रस्त्यावरच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने त्याचा अनेक दशके अभ्यास केला आहे.

पण दोन गोष्टी सांभाळा. चौकोन फार मोठे घेतले तर पुंजका त्यात लपतो. फार लहान घेतले तर बहुतेक कोरेच राहतात. दुसरे, पुंजका दिसला म्हणजे कारण कळले असे नाही. दाट वस्तीत नळजोडण्या जास्त, म्हणून तक्रारीही जास्त. तिथे दर हजार जोडण्यांमागे किती तक्रारी, हे पाहावे लागते. कोयनेतही नुसत्या ठिपक्यांवर न थांबता पाण्याची पातळी आणि धक्क्यांच्या वेळा ताडून पाहिल्या गेल्या.

मुलांनो, यंदा आपल्या भागातले गणपती मंडप नकाशावर मांडा, चौकोन आखा आणि मोजा. आणि मोठ्यांनो, एखाद्या वस्तीला नाव ठेवण्याआधी आपणही मोजू या.

गणपती बाप्पा मोरया!