जुन्या लष्करी गाड्यांचा नाद

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे आपले सर आणि बाई, आणि केस पिकले तरी अजून मागच्याच बाकांवर जाऊन बसलेल्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला फोनवर विषय दिला होता, ‘संगणक क्षेत्रातील संधी’. मी म्हटलं, आपल्या वयात आता त्या संधी घेणार कोण? त्यापेक्षा मला माझ्या नादाबद्दल बोलू द्या. पलीकडे जरा वेळ शांतता. मग प्रश्न आला, “म्हणजे ते डबडं?”

होय, तेच डबडं. मैदानात निंबाखाली उभं आहे. सकाळपासून निम्म्या लोकांनी त्याच्यासोबत फोटो काढलेत आणि उरलेल्या निम्म्यांनी मला विचारलंय, “कायले घेतलं वं हे?” त्याचं उत्तर देते.

ती दुसऱ्या महायुद्धातली जीप आहे. फोर्ड कंपनीने बांधलेली, चॅसीवरच्या क्रमांकावरून १९४४ ची. आपल्याला जीप म्हटलं की महिंद्रा आठवते, आणि ते बरोबरच आहे, पण ही तिची आजी. १९४० साली अमेरिकेच्या लष्कराला हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी होती आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. बँटम नावाच्या एका छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनीअरला बोलावलं आणि तो नमुना मुदतीत नेऊन उभा केला. माझ्या कामात मी अशा मुदती खूप पाहिल्यात, त्या पाळलेल्या मात्र फार थोड्या. पुढे मोठं उत्पादन झालं ते विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांत. युद्ध संपेपर्यंत दोघींनी मिळून सहा लाखांवर जीपा बांधल्या. त्यातल्या पुष्कळ ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाडीसाठी भारतात उतरल्या. युद्ध संपल्यावर परत नेणं परवडणारं नव्हतं, म्हणून लष्कराचा कितीतरी माल इथेच विकला गेला.

आता कुणी म्हणेल की रोहिणखेडच्या पोरीचा आणि लष्कराचा काय संबंध? अहो, आपलं गावच लढायांचं आहे. घाटाच्या तोंडाशी वसलेलं गाव. खानदेशातून वऱ्हाडात येणाऱ्या फौजा इथे अडायच्या. १४३७ मध्ये खानदेशच्या नासिर खान फारुकीला बहमनी सरदार खलफ हसनने इथेच हरवलं. १५९०-९१ च्या सुमाराला अहमदनगरच्या गादीसाठी बुऱ्हाण निजामशाह आणि जमालखान इथेच भिडले आणि जमालखान पडला. इतिहासाच्या तासाला पानिपतापाशी जेवढा वेळ जायचा, त्यातला थोडा आपल्या वेशीपाशी गेला असता तर बरं झालं असतं. सरांची क्षमा मागून म्हणते.

मला हा नाद लागला तो मात्र नगरला. आता अहिल्यानगर म्हणायचं. ऑफिसची सहल होती आणि वाटेत रणगाडा संग्रहालय दाखवायचं ठरलं. आर्मर्ड कोर सेंटरने १९९४ साली ते उभारलं. बाकीचे सगळे रणगाड्यांपुढे फोटो काढत होते. १९६५ च्या युद्धात आपण पकडलेला पॅटन आहे, ज्या सेंच्युरियनवर पूना हॉर्सचे तारापोर आणि खेत्रपाल लढले त्या जातीचा रणगाडा आहे. मी थबकले ती एका जुन्या रोल्स-रॉइस चिलखती गाडीपाशी. राजेरजवाड्यांची म्हणून जी गाडी आपण ऐकतो, तिच्याच अंगावर पोलादी पत्रे चढवलेले. वर आलिशान नाव आणि खाली ठोकठोक रिव्हेट. मी वाकून रिव्हेट मोजायला लागले आणि सहकारी बसमध्ये जाऊन बसले.

रणगाडा काही घरी आणता येत नाही. मग मी वाचायला लागले आणि अमेरिकन लष्कराचं १९४४ चं जीपचं माहितीपुस्तक हाती लागलं. टीएम ९-८०३ हे त्याचं नाव. वीस-बावीस वर्षं मी सॉफ्टवेअरची कागदपत्रं वाचतेय, लिहितेय. इतकं स्वच्छ लिहिलेलं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. शेतावरून भरती झालेल्या पोराने रात्री चिखलात बसून गाडी दुरुस्त करायची आहे, हे लिहिणाऱ्याने एका पानावरही विसरलेलं नाही. कुठला बोल्ट आधी सैल करायचा, प्लगचं अंतर किती, टॅपेटचं किती, सगळं आकड्यांत. एकही फालतू वाक्य नाही. तिथे मी खरी अडकले. लोकांना वाटतं मला युद्धाचं वेड आहे. तसं अजिबात नाही. माणसं मारायला निघालेल्या फौजेची ही गाडी आहे, हे मी विसरत नाही. पण तिची रचना करणाऱ्याने दुरुस्त करणाऱ्याचा इतका विचार केलाय की तिचा हेवा वाटतो.

जीप सापडली ती आपल्याच भागात. माझा भाऊ शेतातून फोनवर म्हणाला, “मोताळ्याकडे एका वावरात पऱ्हाटीच्या ढिगाखाली एक जीप हाय, भंगारवाला पाहून गेला.” मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने मलकापूरला उतरले. गाडी म्हणजे काय, चाकं नसलेला सांगाडा. मागचा भाग अँगल वेल्डिंग करून लांबवलेला, दोन्ही बाजूंना फळ्यांचे बाक. वरचा रंग काळा-पिवळा. आपण ज्यांच्या मागच्या पायरीवर लोंबकळत कॉलेजला गेलो, त्यांच्यातलीच एक. स्टिअरिंग डावीकडे होतं, पण तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. आपल्याकडे डाव्या स्टिअरिंगच्या महिंद्राही होत्या. मी ब्रशने गंज झाडला आणि एका बोल्टच्या डोक्यावर एक छोटं इंग्रजी एफ दिसलं. मग दुसऱ्यावर. फोर्डने आपल्या जीपच्या बोल्टांवरसुद्धा स्वतःचं अक्षर उमटवलं होतं. पुढचा चॅसीचा आडवा दांडाही विलीजसारखा गोल नळीचा नव्हता, फोर्डचा असतो तसा उलट्या पन्हाळीचा होता. शेतमालक शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, “सोनं सापडलं का बाई?” भाव वाढेल म्हणून मी तोंड मिटून ठेवलं.

इंजिन मूळचं नव्हतं. कधीतरी कुणीतरी ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवलं होतं. डिझेल स्वस्त, धंद्याला परवडणारं, त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. मूळच्या जातीचं पेट्रोल इंजिन शोधताना एक गंमत कळली. महिंद्राच्या जुन्या जीपचं बॉनेट उंच का असतं माहीत आहे? विलीजने नंतर त्याच इंजिनाला वरून झडपा दिल्या, त्यामुळे ते उंच झालं आणि बॉनेट वर उचलावं लागलं. ते इंजिन युद्धातल्या जीपच्या बुटक्या बॉनेटखाली मावत नाही. मला आधीचं, बसकं इंजिन हवं होतं. ते मिळालं खामगावच्या बाजूला एका विहिरीवर. कित्येक वर्षं पाणी ओढून थकलेलं. टायरसाठी मी पुण्या-मुंबईत चौकशा करत होते. आमचे मिस्त्री म्हणाले, सहा-सोळा ना, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचं माप आहे ते, मलकापुरात कुठल्याही दुकानात मिळेल. मिळालं. नक्षी लष्करी नाही, पण गाडी उभी राहिली.

या मिस्त्रींबद्दल सांगायला हवं. वय सत्तरीच्या पुढे. इंग्रजी वाचता येत नाही. इंजिन चालू असताना लांब पेचकस ब्लॉकला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि कुठलं बेअरिंग बोलतंय ते सांगतात. मी पुस्तक घेऊन शेजारी स्टुलावर. टॅपेटचं अंतर लावताना मी वाचून दाखवलं, इंचाच्या हजार भागांपैकी चौदा. त्यांनी खिशातून एक जुनी लग्नपत्रिका काढली, तिचा तुकडा झडपेखाली सरकवून पाहिला आणि म्हणाले, “झालं.” मी पुण्याहून आणलेल्या फीलर गेजने मोजलं. चौदा. ती पत्रिका कुणाच्या लग्नाची ते मी विचारलं नाही, पण नवरा-बायकोचं जुळलेलं असणार.

खरा वाद झाला तो पुढे. पुण्या-मुंबईकडे या नादातली मंडळी आहेत, फार जाणकार आणि मदतीला तत्पर. त्यांचं एकमत होतं की गाडी १९४४ मध्ये कारखान्यातून निघाली तशी करायची, नंतरचं सगळं कापून टाकायचं. मी रंग खरवडायला बसले होते. काळ्या-पिवळ्याखाली निळा निघाला. निळ्याखाली पांढरा, आणि त्या पांढऱ्यावर दारापाशी एका लाल त्रिकोणाचा कोपरा. कुटुंब नियोजनाचा. बाई हसताहेत, त्यांना आठवलं! म्हणजे कधीतरी ही जीप कर्णा लावून गावोगाव फिरली असणार. पांढऱ्याखाली तांबूस अस्तर आणि त्याच्याखाली, अगदी पत्र्याला चिकटून, लष्करी हिरवा.

मी हिशेब केला. फौजेत ही गाडी फार तर दोन-अडीच वर्षं असेल. आपल्या भागात ती पन्नासच्या वर वर्षं राबली. लग्नाची वऱ्हाडं, बाजाराच्या गोण्या, बाळंतिणी, कॉलेजची पोरं. मग मूळचं म्हणायचं कशाला? ज्या बोल्टवर एफ आहे तो मूळचा आणि मोताळ्याच्या लोहाराने घातलेला अँगल मूळचा नाही, हे मला पटेना. आमच्या कामात एक शिस्त आहे, प्रोग्राममध्ये बदल करताना आधीचा बदल पुसायचा नाही, नोंदवून ठेवायचा. कोणी केला, कधी केला, का केला, सगळं मागे जाऊन पाहता यायला हवं.

मागचा लांबवलेला भाग काढावा लागला, कारण वेल्डिंगपाशी चॅसीला तडा होता आणि तशी गाडी राजूर घाटात नेणं म्हणजे आत्महत्या. पण तो सगळा भाग, बाकांसकट, क्रमांक टाकून भावाच्या गोठ्यात ठेवलाय. डाव्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर वीतभर जागा तशीच राखलीय. तिथे सगळे रंग पायऱ्यापायऱ्यांनी दिसतात. जाणकारांपैकी दोघे नाराज आहेत. एक म्हणाले, “ताई, ही ना जीप राहिली ना टमटम.” म्हणोत.

आणि हो, बाहेरून ती वाळूच्या रंगाची का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याच्या गाडीखेरीज कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग लावायचा नाही. म्हणजे जिचा जन्म त्या रंगात झाला तिलाही आता तो वर्ज्य. नियमामागचं कारण सरळ आहे, लष्कराची गाडी म्हणून कुणी कुठेही शिरू नये. मला तो नियम योग्यच वाटतो. फौजेतून बाहेर पडलेल्याने गणवेश उतरवून ठेवायचा असतो. आपल्या वर्गातला सुभेदार साहेब तिकडे मान हलवतोय बघा.

त्याच्याशी सकाळी बोलणं झालं. त्याने नोकरीत जोंगा चालवलीय. जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या परवान्यावर तयार झालेली, जीपपेक्षा दांडगी. तिचं आणि शक्तिमान ट्रकचं नाव घेताना त्याचा आवाज बदलतो. आता या गाड्या लष्कर लिलावात काढतं, बहुतेक गठ्ठ्याने, जशा आहेत जिथे आहेत तशा. व्यापारी घेतात, काही गॅस कटरखाली जातात. ज्यांना असा काही नाद करायचाय त्यांना एकच सांगते, आधी कागद, मग इंजिन. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे. पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात, ती दहा वर्षं चालते, नव्या क्रमांकात व्हीए ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, मेळावे, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरती रस्त्यावर काढायची. एकूण खर्च किती झाला ते मात्र विचारू नका, माझी सासूबाई हा स्मरणिकेचा अंक वाचणार आहेत.

आता माझी मागणी. या गाडीचे पांढऱ्या आणि निळ्या रंगातले दिवस मला अजून सापडलेले नाहीत. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये, नवरदेवाच्या मागे, बुटक्या बॉनेटची, डाव्या स्टिअरिंगची जीप दिसली तर मला त्याचा फोटो पाठवा. कुणाचे वडील-काका मोताळा, धामणगाव बढे, मलकापूर या रस्त्यांवर जीप चालवायचे, त्यांना विचारा की डाव्या दाराजवळ लाल त्रिकोण असलेली गाडी कुणाची होती. ड्रायव्हर मंडळी गाडी विसरत नाहीत, आणि ती मंडळी आता ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा जरा लवकर.

जेवणानंतर ज्यांना बसून पाहायचंय त्यांनी निंबाखाली यावं. तिला किल्ली नसते, नुसती एक खटकी असते, म्हणून पोरांना एकटं सोडू नका. आणि आधी सर आणि बाई बसतील.