काढून घेतलेली पदवी



आज इथे पदव्या दिल्या जाणार आहेत, म्हणूनच मी सुरुवात एका काढून घेतलेल्या पदवीपासून करतो. १९४३ साली म्युनिक विद्यापीठाने कुर्ट हुबर या आपल्याच प्राध्यापकाची डॉक्टरेट रद्द केली. हुबर तत्त्वज्ञान शिकवत, बव्हेरियातली लोकगीते गोळा करत, आणि लाइबनिट्स या तत्त्वज्ञावरच्या त्यांच्या व्याख्यानांना दुसऱ्या शाखांची मुलेही येऊन बसत. त्यांचा अपराध इतकाच, की स्टालिनग्राडच्या पराभवानंतर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक पत्रक लिहिले आणि हिटलरच्या पक्षाची साथ सोडा असे त्यात सांगितले. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी हान्स शोल आणि त्याची बहीण सोफी यांनी त्या पत्रकांचे गठ्ठे विद्यापीठातल्या वर्गांच्या दारांबाहेर ठेवले आणि उरलेली पत्रके वरच्या मजल्यावरून खालच्या दालनात सोडून दिली. रखवालदाराने त्यांना पकडले. २२ तारखेला खटला उभा राहिला आणि त्याच दिवशी हान्स, सोफी आणि त्यांचा मित्र क्रिस्टोफ प्रोब्स्ट यांचा शिरच्छेद झाला. सोफी २१ वर्षांची होती, प्रोब्स्ट २३ आणि हान्स २४. समोरच्या रांगांमध्ये बसलेल्या तुमच्याच वयाची ही मुले. हुबर आणि या मुलांचा साथीदार अलेक्झांडर श्मोरेल यांना जुलैत मारले, दुसरा साथीदार विली ग्राफ याला ऑक्टोबरात. 'पांढरा गुलाब' या नावाने इतिहास ज्यांना ओळखतो ती हीच मंडळी.

ही हकीकत पदवीदानाच्या दिवशी सांगायचे कारण आहे. जुलूम अडाण्यांच्या जोरावर चालतो आणि शिक्षण वाढले की तो आपोआप ओसरतो, अशी आपली एक भाबडी समजूत असते. जर्मनीचा पुरावा नेमका उलट आहे. १० मे १९३३ रोजी जर्मनीतल्या विद्यापीठांच्या गावांमध्ये पुस्तकांच्या होळ्या पेटल्या. त्या पेटवण्यात विद्यार्थी संघटनाच पुढे होत्या. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या वानझे भागातल्या एका बंगल्यात ज्यूंच्या संहाराची प्रशासकीय घडी बसवायला पंधरा अधिकारी जमले होते, आणि त्यांतल्या आठ जणांकडे डॉक्टरेट होती. ही माणसे कायदा जाणत होती, टिपण नीट लिहीत होती, बैठक वेळेत उरकत होती. विद्यापीठाने त्यांना जे शिकवले ते त्यांनी व्यवस्थित वापरले. म्हणून माझे म्हणणे असे, की जुलमाला नकार देण्याचे बळ पदवीतून येत नाही. ते माणसाच्या आतल्या एका जागेतून येते, आणि ती जागा वेळेआधी, रोजच्या सवयीने बांधावी लागते. या अर्थाने मी प्रतिकाराला आध्यात्मिक गोष्ट मानतो.

आध्यात्मिक हा शब्द मी पूजाअर्चेच्या अर्थाने वापरत नाही. आपल्या तुकोबांनी खऱ्याखोट्याच्या निवाड्यासाठी स्वतःच्या मनालाच साक्षीला बोलावले. तो साक्षीदार मला अभिप्रेत आहे. जुलमी सत्ता कर वसूल करते, तुरुंग भरते, पण तेवढ्याने तिचे भागत नाही. तिला हा साक्षीदार फितवायचा असतो, आणि त्यासाठी तिला आधी माणसाचा एकांत संपवावा लागतो. नाझींनी मुलांचे दिवस कवायतींनी, शिबिरांनी, मोर्च्यांनी आणि समूहगीतांनी भरून टाकले ते याचसाठी. हान्स शोल स्वतः हिटलर युवक संघटनेत उत्साहाने गेला होता, तुकडीचा पुढारी झाला होता, न्यूरेंबर्गच्या पक्षमेळाव्यात झेंडा घेऊन चालला होता. सोफीही मुलींच्या संघटनेत होती. त्यांची सदसद्विवेकबुद्धी जन्मजात नव्हती, ती घडली. कशी घडली? परक्या देशांची गाणी म्हणायला बंदी झाली तेव्हा पहिली ठेच लागली. मग वाचन आले. कार्ल मुट या वृद्ध संपादकाचे मासिक १९४१ साली बंद पाडले गेले होते. त्यांच्या ग्रंथसंग्रहात हान्स काम करत असे. थिओडोर हेकर या लेखकाला लिहिण्या-बोलण्याची बंदी होती. तो या मुलांच्या खासगी बैठकींत आपले लेखन वाचून दाखवी. सोफी संत ऑगस्टीन वाचत होती. त्या बैठकींत कोणी बंडाचा कट रचत नव्हते. पण ज्या प्रश्नांची उत्तरे सरकार देऊ शकत नाही असे प्रश्न तिथे रोज विचारले जात होते.

विली ग्राफची वाट वेगळी. तो शाळकरी वयात असतानाच त्याने आपल्या वहीतून हिटलर युवक संघटनेत गेलेल्या मित्रांची नावे खोडून टाकली होती. किती छोटी कृती! पण अटकेनंतर गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांनी महिनोन्‌महिने चौकशी करूनही त्याने साथीदारांची नावे दिली नाहीत, तेव्हा त्या वहीतली रेघ आणि ते मौन एकाच हाताचे काम होते हे ध्यानात येते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे आणि तिच्यात सर्वांत आधी 'अभय' आले आहे. ते पहिले का, याचे उत्तर मला ग्राफच्या तुरुंगवासात दिसते. सत्य, दया, क्षमा हे बाकीचे गुण भयाच्या एका धक्क्याने गळून पडतात.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे, आणि तो मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. आतली जागा म्हणजे पळवाट नव्हे का? हिटलरच्या काळात जर्मनीत राहून गप्प बसलेल्या कित्येक लेखकांनी युद्धानंतर सांगितले, की आम्ही मनाने देश सोडला होता, आम्ही अंतर्यामी स्थलांतर केले होते. त्यांनाही एकांत होता, ग्रंथ होते, प्रार्थना होती. दार मात्र आतून लावलेले होते. हे मान्यच करायला हवे, की अंतर्मुखता स्वतःहून कोणालाही धीट करत नाही. फरक पडतो तो बाहेर पाहण्याने. १९४२ च्या उन्हाळ्यात हान्स, श्मोरेल आणि ग्राफ यांना वैद्यकीय विद्यार्थी म्हणून रशियाच्या आघाडीवर पाठवले. वाटेत त्यांनी वॉर्सा पाहिले, तिथला ज्यूंचा कोंडवाडा पाहिला. त्याआधी या गटाने काढलेल्या चार पत्रकांच्या प्रत्येकी शंभरेक प्रती निघाल्या होत्या. परतल्यावर पाचव्या पत्रकाच्या हजारो प्रती सायक्लोस्टाइल करून त्यांनी जर्मनीच्या आणि ऑस्ट्रियाच्या शहरांत पोचवल्या. साक्षीदार आत बसलेला असतो खरा, पण त्याला बाहेरचे दाखवावे लागते. ज्याने दृष्टीआड करायचे ठरवले त्याचा आतला आवाज कितीही शुद्ध असला तरी उपाशी राहतो.

दुसरा आक्षेप तुमच्यातले अनेक जण मनात घेऊनच बसले असतील: धर्म तर जुलमाच्याच चाकरीत असतो. जर्मनीत 'जर्मन ख्रिश्चन' नावाच्या चळवळीने येशूला नाझी गणवेश चढवला. आपल्याकडे पाहायला फार दूर जावे लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, आणि त्यानंतर गोमूत्राने, शेणाने ते तळे 'शुद्ध' करणाऱ्यांच्या तोंडी मंत्रच होते. हा आक्षेप मी खोडून काढू इच्छित नाही, तो खराच आहे. फक्त त्यापुढची एक गोष्ट लक्षात घ्या. धर्माच्या नावावरचा जुलूम ज्यांनी सर्वांत जवळून सोसला त्या बाबासाहेबांनी माणसाला धर्माची गरजच नाही असा निष्कर्ष काढला नाही. कित्येक वर्षे अभ्यास करून त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बुद्धाचा धम्म स्वीकारला. एखादी श्रद्धा जुलमाच्या बाजूची की माणसाच्या, हे ओळखायची कसोटी ग्रंथांत शोधू नये. ती श्रद्धा कोणाला पाण्यापासून दूर ठेवते आणि कोणाला पाण्यापर्यंत नेते, हे पाहावे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: या मुलांच्या मरणाने काय साधले? युद्ध एका दिवसानेही लवकर संपले नाही, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. पण सगळाच प्रतिकार निष्फळ ठरला असेही नाही. त्यांना मारल्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तेव्हा बर्लिनमध्ये रोझेनश्ट्रासे या रस्त्यावर, तिथल्या एका इमारतीत डांबलेल्या ज्यू पुरुषांच्या जर्मन बायका जमल्या आणि दिवसेंदिवस आपले नवरे परत मागत उभ्या राहिल्या. त्या इमारतीत डांबलेल्या बहुतेकांची सुटका झाली. ती या बायकांमुळे झाली की सरकारचा बेत मुळातच तसा होता, यावर इतिहासकारांत वाद आहे, आणि तो मिटल्यासारखे मी बोलणार नाही. बायकांना मात्र निकाल ठाऊक नव्हता. परिणामाची खात्री मिळाल्यावरच उभे राहायचे ठरले असते, तर त्या रस्त्यावर कोणीच उभे राहिले नसते.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो करायचा हक्क तुमच्या आईवडिलांना सर्वाधिक आहे. प्रोब्स्टला तीन लहान मुले होती. शोल कुटुंबातल्या इतरांनाही तुरुंगात टाकले गेले. दुसऱ्याच्या लेकरांना असे मरण पत्करा म्हणून सांगण्याचा अधिकार या व्यासपीठाला नाही, आणि मी तो घेत नाही. हौतात्म्य ही मागण्याची वस्तू नव्हे. पण म्युनिकमधली आणखी एक घटना पाहा. त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या सभागृहात विद्यार्थ्यांची सभा भरली आणि ज्या रखवालदाराने शोल भावंडांना पकडले होते त्याचे टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत झाले. त्या सभागृहातल्या कोणाकडेही कोणी प्राण मागत नव्हते. हात मांडीवर ठेवून बसता आले असते. हौतात्म्य आणि ती टाळी यांच्यामध्ये फार मोठा मुलूख पडलेला आहे, आणि तुमच्यातल्या बहुतेकांचे आयुष्य त्याच मुलखात जाणार आहे: ज्या अहवालावर सही करायची त्यातली खोटी ओळ, ज्या यादीत नाव घालायचे ती यादी, ज्या सहकाऱ्याला वगळायचे त्याची रिकामी खुर्ची. वानझेची बैठक अशाच हातांवर विसंबून होती.

हुबर मात्र त्या मुलखापलीकडे गेले. तेही आरंभापासून निष्कलंक नव्हते. १९४० साली ते पक्षाचे सदस्य झाले होते. पदवी गेली, नोकरी गेली, मृत्यूची शिक्षा झाली, आणि घरी बायको-मुलांवर हलाखी आली. कोठडीत ते लाइबनिट्सवरचे पुस्तक लिहीत राहिले, तारीख जवळ येत होती तरी पानामागून पान. ते पूर्ण व्हायच्या आत १३ जुलै उजाडला. युद्धानंतर ते छापून निघाले. आज म्युनिक विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोरच्या चौकाला शोल भावंडांचे नाव आहे, रस्त्यापलीकडच्या चौकाला हुबर यांचे. शोल चौकातल्या फरसबंदीत ती पत्रके विखुरल्यासारखी बसवली आहेत. वर्गांना जाणारी मुले रोज त्यांच्यावरून चालत जातात.