हृदयाची संप्रेरके आणि नाडीची गती

हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, पेशींचा एक लहानसा पुंजका असून चेतांशी असलेला संबंध तोडला तरी तो मिनिटाला सुमारे 100 ठोके देत राहतो. विश्रांतीच्या वेळी नाडी 70च्या आसपास राहते ती मेंदूच्या तळापासून निघणाऱ्या व्हेगस चेतेमुळे; तिच्या टोकांशी स्रवणारे ॲसिटिलकोलीन ठोके मंदावते, तर श्रमाच्या किंवा भीतीच्या वेळी अनुकंपी चेतांतून स्रवणारे नॉरॲड्रेनॅलीन ते वाढवते.

चेतांच्या आज्ञा पाळणारे हृदय स्वतःही संदेश पाठवते, हे 1981 मध्ये स्पष्ट झाले. कॅनडातील किंग्स्टन येथे अडोल्फो डी बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलिंदांचा अर्क उंदरांना टोचला, तेव्हा मूत्रावाटे क्षार व पाणी झपाट्याने बाहेर पडले आणि रक्तदाब उतरला. रक्ताचे आकारमान वाढून अलिंदांची भिंत ताणली गेली की स्रवणारे हे संप्रेरक एएनपी या नावाने ओळखले जाते. 1988 मध्ये डुकराच्या मेंदूत सापडलेले त्याचे भावंड बीएनपी पुढे मुख्यतः हृदयाच्या निलयांतून, म्हणजे खालच्या कप्प्यांतून, स्रवत असल्याचे आढळले.

एरवी रक्तदाब उतरला की प्रतिक्षिप्त क्रियेने नाडी वेगवान होते. एएनपीमुळे तो उतरतो तेव्हा मात्र ही वाढ अपेक्षेइतकी दिसत नाही, कारण हे संप्रेरक चेतासंस्थेच्या प्रतिसादातही हस्तक्षेप करते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2001 मध्ये गिनीपिगवरील प्रयोगांतून दाखवले, की बीएनपीमुळे सायक्लिक जीएमपी हे पेशींतर्गत संदेशवाहक रसायन वाढते, त्यामुळे व्हेगसच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन अधिक प्रमाणात सुटते आणि तेवढ्याच चेतासंदेशाने ठोके अधिक मंदावतात. अनुकंपी टोकांत मात्र हेच रसायन नॉरॲड्रेनॅलीनच्या स्रावाला आवर घालते.

हृदयविफलतेत रक्तातील बीएनपी पुष्कळ वाढते, आणि म्हणूनच निदानासाठी ते मोजले जाते. तरीही अनुकंपी चेता अतिसक्रिय राहतात, म्हणजे हृदयाचा हा बचाव तेथे तोकडा पडतो. संप्रेरकांचे विघटन करणाऱ्या नेप्रिलायसिन या विकराला रोखणारे सॅक्युबिट्रिल हे औषध, व्हॅल्सार्टनसह, 2015 पासून उपचारात आले आहे. मात्र संप्रेरक टिकवून ठेवणे आणि चेतांच्या टोकांशी त्याचा संदेश पुन्हा प्रभावी करणे ही दोन वेगळी कामे असून, दुसऱ्या कामाकडे आता तितक्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे.